लुगड्याची झोळी

बाभळीच्या फांदीवर कासऱ्याचा कर्र कर्र आवाज व्हायचा, तो अजून माझ्या कानात आहे. बहात्तरच्या दुष्काळात जाफराबादकडे तलावाच्या कामावर आम्ही सगळे भुईवरच झोपायचो. तिथं माझ्या पोटुशी बायकोला, शांताला, विंचू चावला. ती वाचली, पण मी हाय खाल्ली. विकलेल्या बैलाचा कासरा उरला होता. तिचं लुगडं चौपदरी करून दोन बाभळींना झोळी बांधली. सोडली की सारा बिछाना बगलेत मावायचा.

चार दिवसांनी सकाळीच आमच्या गावचे पाटील लंगडत आले. दुष्काळानं त्यांनाही खडी फोडायला आणलं होतं, आणि विंचवानं त्यांनाही सोडलं नव्हतं. आम्ही बौद्ध माणसं. गावात त्यांच्यापुढं बाजेवर बसायची आम्हाला सोय नव्हती.

"आमी भुईवर, अन् तुजी बायको वर? उतरव तिला!"

शांता उतरू लागली. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "पडून ऱ्हाय."

मग म्हणालो, "ती उतरनार न्हाई, पाटील. बाजंचा कायदा गावात ऱ्हायला. तुमचं धोतर आना, तुमालाबी हिच्याच उंचीवर झोळी बांधून देतो."

पाटलांनी गाठीकडं पाहिलं, आपल्या सुजलेल्या पायाकडं पाहिलं, आणि लंगडत निघून गेले.