एक थेंबसुद्धा न्हाय

इंदापूर-बारामती एसटीत ठमाबाईंच्या पुढच्या सीटवर रिटायर फिटर गेणबा आणि कारखान्यात नुकतीच लागलेली त्यांची लेक राजनंदिनी बसली होती.

"आबा, वाफेच्या पाइपाच्या जोडात गळती रोखायला रबराचं गॅस्केट बसवलं असतं तर ते जळून गेलं असतं."

"मी तीस वरसं रबरच बसवलं की!"

"तुमची लाइन गार पाण्याची. मी पोलादी पट्टीचं निवडलं."

"आन् सायेब?"

"म्हणाले, गळलं तर तू जबाबदार. सकाळी वाफ सोडली तवा मी जोडापाशीच उभी हुते."

"मग?"

"एक थेंबसुद्धा गळला न्हाय!"

गेणबा उठूनच उभे राहिले.

"आबा, बसा. तिकीट कुठलं?" कंडक्टरनं विचारलं.

"काटेवाडी. आवो, माझ्या लेकीनं वाफ अडवली, वाफ!"

"मी ऐकलंय सगळं," मागून ठमाबाई म्हणाल्या, "पण पुन्यांदा सांगा."