जागच्या जागी चढलेला घाट

...आता मला सांगा, जी बाई जन्मभर मेंढरांम्होरं चालली, तिला चालून दावायला सांगलीला न्यायचं, आन् ते बी रस्त्यावर न्हाई, खोलीत, एका पट्ट्यावर, जिथं दिसभर चाललं तरी मानूस खिडकीपाशीच ऱ्हातंय... ह्याला काय म्हनायचं? तुमाला सांगते, काळीज माझं, पर धडधड समद्या घराला.

झालं असं. आमी माणदेशातलं धनगर. दिवाळी झाली की आमचं मालक मेंढरं घिऊन उंब्रजच्या अंगानं पाटणकडं निघत्यात, आन् म्या बिऱ्हाडाचं घोडं धरून म्होरं. पर गेल्या साली नात झाली म्हनून ल्योक मला आष्ट्याला घिऊन आला. ल्योक म्हंजे इंद्रजित, खताचं दुकान हाय त्याचं. सून राणी, लय गुनाची. इतकी गुनाची की मला काडी उचलू दिईना. "आत्ती, तुमी बसा." चा हातात, ताट हातात, म्या सोफ्यावर. बसून बसून त्या सोफ्याला माझा खड्डा पडला. आन् एक दिस गच्चीवरचं वाळवन बघाया जिना चढले, तर मधीच छाती धपाधपा, दम खालीवर, बसले पायरीवर.

इंद्रजितनं बघितलं. दम मला लागला, घाम त्याला फुटला. "आई, आता मेंढरांसंगं जायाचं न्हाई. कवाच न्हाई." लगीच फोन लावून बापाला बी सांगून टाकलं.  मालक पल्याडनं म्हनले, "घोडं दुसऱ्याच्या हातानं चालत न्हाई रं." बास, तेवढंच. लगीन झाल्यापासनं एवढं गोड बोललं न्हवतं ते मानूस, आन् आता बोललं ते बी घोड्याच्या नावानं.

राणीनंच तोड काढली. "डाक्तर बघतील. ते जा म्हनले तर आत्ती जातील, न्हाई म्हनले तर न्हाई." म्हंजे माझं बिऱ्हाड, माझं घोडं, माझा नवरा, समदं अडाकलं त्या पट्ट्यावर.

डाक्तरीनबाई व्हत्या संयोगिता म्याडम. सिस्टरनं छातीला वायरी चिकटवल्या, दंडाला पट्टा आवळला, पायात बूट घातलं. नववारीवर बूट... आरशात बघितलं असतं तर काळीज तिथंच थांबलं असतं, तपासायची गरजच न्हाई. म्याडम म्हनल्या, "आजी, नुसतं चालायचं. मधूनमधून पायाखालचा पट्टा चढ घेईल, घाबरू नका. दुखलं, गरगरलं तर लगेच सांगा."

झालं सुरू. आदी पायांस्नी कळंना, जमीन मागं कशी पळतीया. मग पडला पाय. आन् काय सांगू, बघता बघता अंग गरम झालं, बोटं कोमट झाली, छातीत ठोकं वाजाया लागलं, पर ते जिन्यावरचं न्हवं, हे कसं, गजी नाचाच्या ढोलावानी, तालात. मला वाटलं, उंब्रज मागं पडलं. आन् तेवढ्यात पट्ट्यानं चढ घेतला.

आता आमची रीत अशी, चढ लागला की म्होरच्यानं पाय आवरायचा. बिऱ्हाडासंगं बारकी कोकरं असत्यात, ती दमली की त्यांच्या आयांचा जीव मागं अडकतो आन् अख्खा कळप खोळंबतो. म्हनून थांबायचं, मागं वळायचं, हाळी द्यायची. तुमी म्हनाल, दवाखान्यात कुठली कोकरं? आवं, पायांस्नी काय ठावं? म्या थांबले, मागं वळले, "हुर्रर्र, या, या..." आन् पट्टा थांबतोय व्हय? त्यानं मला न्हेली मागं, सिस्टरनं कमरंला मिठी मारली, म्याडमनी बटन दाबलं, वायरी लोंबत्यात, मशीन टीटी करतंय...

"आजी, छातीत दुखलं का?"

"न्हाई वो बाई. कोकरांस्नी दम घिऊ द्यावा म्हटलं."

काचंपल्याड इंद्रजित. त्यानं काय बघितलं? मशीन थांबलंय आन् आई सिस्टरच्या गळ्यात. तसाच आत घुसला, डोळं भरल्यालं. "बघितलंत म्याडम? न्हाई ना झेपत?" तुमाला सांगते, काळीज माझं, पर धडधड समद्या घराला.

तवा मात्र म्या पदर खोचला. हितं हारले तर सोफा हाय जन्माला. म्या म्हटलं, "बाई, एक डाव परत चढवा. आता मागं बघत न्हाई. कोकरं ऱ्हायली तर ऱ्हायली." म्याडम हसल्या न्हाईत, त्येचं लय बरं वाटलं. थोडं बसवलं, पानी दिलं, आन् सिस्टरला माझ्या म्होरं उभी केली, नजर तिच्यावर ठिवायला. चढ आला. मागनं समदी कोकरं कोकलत व्हती, शप्पत सांगते, पर म्या मान वळवली न्हाई.

मग म्याडमनी इंद्रजितला खुर्चीत बसवलं. "हृदय चांगलं आहे. रक्ताची वाट कुठं अडल्यासारखी दिसत नाही. पण आजी वर्षभर बसून आहेत. चालणाऱ्याचं हृदय एका ठोक्यात कळशी भरून रक्त पुढं ढकलतं. बसून राहिलं की तेच वाटीवाटीनं ढकलायला लागतं. मग खेपा वाढणारच की. म्हणून जिन्यावर धडधड." आन् माझ्या पोटरीवर हात ठिवला. "ही आवळली की पायातलं रक्त वर चढतं. वरच्या हृदयाला हिची मदत असते. हळूहळू रोज चालू द्या, वाढवत न्या. दुखलं तर मात्र थांबून माझ्याकडं यायचं. दिवाळीला निघतील."

म्या म्याडमचा हात धरून कपाळाला लावला. दुसरं काय द्यायचं हुतं माझ्याकडं? येताना गाडीत राणीनं माझं डोस्कं खांद्यावर घेतलं, आन् म्या छातीवर हात ठिवला. बिचारं काळीज. जन्मल्यापासनं आत चाललंय. म्या झोपते, त्ये झोपत न्हाई. म्या चढाला लागले की त्ये बी जोरात, म्या बसले की बेतानं. कवा इचारलं न्हाई, बाई, कुठं निघालीस? आन् म्या बी कवा त्येला बरं म्हटलं न्हाई. त्या दिशी म्हटलं.

आता रोज चालायचं. एकटी नगं म्हनून इंद्रजित संगं निघाला, नवं बूट, गळ्यात टावेल, पानंदीनं उसाच्या कडंकडंनं. पुलाचा जरासा चढ आला, तर ह्यो कठड्याला धरून उभा, त्वांड उघडं, पोट वरखाली. म्हनतोय, "आई, तू व्हय म्होरं, म्या आलोच." आला न्हाई. बांधावर बसला. तुमाला सांगते, मेंढरं वळायची परवानगी मिळाली खरी... पर दिवाळीपातुर ह्यो एकच एडका वळायचा हाय, आन् ह्यो हाकलला तरी उठत न्हाई.