जगदेवीचं गंगावन

जगदेवी : चार पातळं, तीन झंपर, एक आरसा, एक फणी, आकड्यांची डबी आन् गंगावन. समदं हाय. कात्री न्हाय.

नीलम्मा : मला काय विचारतेस, अक्का? ट्रंक तुझी, किल्ली तुझ्या कमरेला.

जगदेवी : आंघोळीला जाताना किल्ली खुंटीला असती. अव्वाला जिना चढवत न्हाय. माडीवर आपण दोघीच. मग उंदरानं नेली व्हय?

नीलम्मा : कात्री हवी कशाला तुला?

जगदेवी : इचारतीय कोण बघा! तू कशाला नेलीस ते सांग.

नीलम्मा : मी नेली असं म्हटलंच नाही.

जगदेवी : न्हाय नेली असं बी म्हटलं न्हाईस.

नीलम्मा : नेली. दिवाळीच्या आधी. कॉलेजात माझ्या डिसेक्शनच्या पेटीत आहे.

जगदेवी : बेडकं फाडायच्या पेटीत? माझी कात्री?

नीलम्मा : वापरली नाही. नुसती ठेवलीय.

जगदेवी : का?

नीलम्मा : केस वाढतात का ते बघायला.

जगदेवी : कुनाचं?

नीलम्मा : तुझे. बहात्तरच्या दुष्काळात मी होस्टेलवर होते. अव्वानं कळवलं, जगूला टायफॉइड झाला, केस गेले. ठीक आहे. टायफॉइडमध्ये केस गळतात. पण मुळं जिवंत असतात, परत येतात. महिन्याला साधारण अर्धा इंच. त्याला साडेतीन वर्षं होऊन गेली. आज ते पाठीवर लोळायला हवेत. तुझे मानेखाली उतरत नाहीत.

जगदेवी : एकेकीची पत्रिका असती.

नीलम्मा : पत्रिकेचं माहीत नाही. नव्यानं उगवलेल्या केसाचं टोक निमुळतं असतं. तुझ्या केसाचं टोक आडवं तुटलेलं आहे. कात्रीनं.

जगदेवी : माझं टोक तू कवा बघितलंस?

नीलम्मा : तुझ्या उशीवर एक केस होता. मायक्रोस्कोपखाली ठेवला.

जगदेवी : अगं बया! आधी झुरळ, मग बेडूक, आता अक्का. फाडायची कवा हाय तेवढं सांग, अंघोळ करून बसते.

नीलम्मा : चिडू नकोस.

जगदेवी : चिडत न्हाय. आता समदं जुळलं. ती गोष्ट तूच लिवलीस.

नीलम्मा : कुठली गोष्ट?

जगदेवी : येड घेऊन पेडगावला जाऊ नको. दिवाळी अंकातली. तळ्याखालची नगरी, तिथली राजकन्या, राक्षसाच्या गुहेतनं परत येती ती वेणीबिगर. मग राजवैद्य तेलं चोळत बसत्यात, केस काय वाढंनात. खाली नाव सौदामिनी. कोण सवाष्ण ही सौदामिनी? काल दुपारी सिद्धाप्पाच्या सुनेनं ओट्यावर मोठ्यानं वाचली. बायका विड्या वळत हुत्या, मी जवारी निवडत हुते. हातातली जवारी हातात राहिली.

नीलम्मा : घरात सांगणार होते मी.

जगदेवी : कुनी सांगितलं तुला? अव्वानं?

नीलम्मा : काय सांगितलं?

जगदेवी : वेणी दाराला बांधल्याचं.

नीलम्मा : कोणी नाही. राक्षस वेणी कापतो आणि गुहेच्या दाराला बांधतो, असं सुचलं मला.

जगदेवी : सुचलं! एवढं नेमकं सुचतं व्हय?

नीलम्मा : जिंकल्याची काहीतरी खूण त्याला मिरवावीशी वाटेल, असा अंदाज केला. अक्का, कुठल्या दाराला?

जगदेवी : कुटल्याच न्हाय. उद्या कात्री घेऊन ये. रविवारी अक्कलकोटची माणसं बघायला येणार. केस मानेला टोचाय लागलेत, मला डोळा लागत न्हाय.

नीलम्मा : थोडे वाढले तर गंगावन उलट नीट बसेल.

जगदेवी : वाढले की धरता येत्यात.

नीलम्मा : कोण धरणार आहे?

जगदेवी : मुलाची आत्या. वेणी सोडून बघणार, खरी का खोटी. रीतच हाय. माझ्या मागं येऊन बसणार. मागं, कळलं का?

काशम्मा (दोघींची आई, खालून) : जगू! नीले! वर दार लावून काय कुजबूज चाललीया गं? मला जिना चढवत न्हाय म्हणून काय ऐकू बी येत न्हाय असं समजू नका!

जगदेवी : काय न्हाय, अव्वा.

काशम्मा : काय न्हाय तर दार कशाला लावलं? आन् ते गंगावन खाली टाक की. तेल लावून ठेवते, रविवारी कोरडं दिसाय नको. नीली काय इचारतीया का तुला?

जगदेवी : वेणी घालून मागतीया.

काशम्मा : मग घाल आन् गप खाली या. लई बोलू नका. ह्या गल्लीत भिंतीला कान हायत, आन् कानाला जीभ.

जगदेवी : ऐकलंस? बस. पाठ कर.

नीलम्मा : खरंच वेणी घालतेस?

जगदेवी : अव्वाला सांगून बसले न्हवं? आन् तुझ्या गोष्टीतली ती डोंगरावरची चेटकीण बी अशीच बसती की. राजकन्येकडं पाठ करून. काय इचारत न्हाय, काय बघत न्हाय. तिला बी एकदा राक्षसानं नेलं हुतं म्हणून तिला कळतं. तेवढं झ्याक लिवलंयस. बाकी चूक.

नीलम्मा : काय चूक?

जगदेवी : चेटकीण इचारती व्हय?

नीलम्मा : नाही. बरं.

जगदेवी : मान सरळ. किती गुंता केलाईस गं, फणी जाईना. त्या दुष्काळात आप्पा अंथरुणाला खिळल्याले. वळसंगच्या रस्त्याला खडी फोडायचं काम निघालं हुतं, मी जात हुते. दिवस मावळताना मुकादम म्हणाला, तुझी हजेरी राहिली, खोपटाकडं ये. फावडी-घमेली ठेवायचं खोपट. मी गेले. हजेरी कुनाची राहात न्हवती, हे मला मागनं कळलं.

नीलम्मा : अक्का.

जगदेवी : हलू नको. त्यानं मागनं धरली वेणी. दावं गुंडाळावं तशी हाताला गुंडाळली. एक येढा, दोन येढे, मान मागं. तोंडातनं आवाज फुटंना. शेळीला बाभळीचा पाला न्यायचा म्हणून कमरंला इळा खोचल्याला. तो हाताला लागला. मला वाटलं त्याच्या हातावर मारावा. पण हात दिसंना, वेणी दिसंना, समदं माझ्या पाठीमागं. मग मानेशी हात नेला आन् कापली. तीन हिसके. एका हिसक्यात न्हाय तुटत, लई चिवट असती. तुटली तशी मी तोंडावर पडले, उठले आन् पळाले.

नीलम्मा : थांब जरा, अक्का.

जगदेवी : रडत हाईस व्हय? तुझी पाठ हालतीया. गोष्टीत काय लिवलंस? राक्षसानं वेणी कापली. राजकन्या नुसती रडती. काल मला राग आला तो ह्याचा. त्यानं धरली हुती. कापली मी.

नीलम्मा : मला हे माहीत नव्हतं.

जगदेवी : म्हणून सांगतीया. छापून झालं म्हणशील, तर दुसरी लिव. इळा घाल त्यात.

नीलम्मा : आणि दार?

जगदेवी : आता चेटकीण इचाराय लागली.

नीलम्मा : चेटकीण विचारत नाही. मी विचारते.

जगदेवी : त्या खोपटाचं दार. सकाळी वेणी त्याला बांधल्याली, गोंड्यासकट. कामावरच्या बायका येताजाता बघत हुत्या. कुनी हात लावला न्हाय. अव्वा गेली आन् समद्यांच्या म्होरं सोडून आणली. त्याला शिवी न्हाय, काय न्हाय. घरी येऊन शिकेकाईनं धुतली. टायफॉइडचा ताप तिनंच शोधून काढला, गल्लीला सांगाय. वैद्याच्या आधी तिनंच नाव ठेवलं त्याला.

नीलम्मा : ती वेणी कुठं आहे आता?

जगदेवी : एवढं मायक्रोस्कोप लावून बसतीस, हे दिसलं न्हाय? मगाशी मोजलं की मी तुझ्या म्होरं.

नीलम्मा : गंगावन.

जगदेवी : अव्वानं सुतळीवर वळलं. गल्लीत सांगती, बाजारातलं. बाजारातल्याचा रंग एवढा जुळतो व्हय? तवापासनं रोज डोक्याला लावते. त्याच्या हाताला गुंडाळल्यालं.

नीलम्मा : अव्वाला कधी सांगितलं नाहीस, नको म्हणून?

जगदेवी : तिनं माझ्यासाठी सगळ्या बायकांम्होरं जाऊन आणलंय ते. काय तोंडानं नको म्हणू?

नीलम्मा : मला मघाशी वाटत होतं, अव्वाच तुला गप्प बसवते.

जगदेवी : बसवती बी. दोन्ही करती. तुझ्या गोष्टीत अशी आई न्हाय. सोनाबाईला मात्र आधी नीट इचारायचंस.

नीलम्मा : कुठल्या सोनाबाईला? कोपऱ्यावरच्या?

जगदेवी : काल ओट्यावर गोष्ट चालली हुती तवा ती मधेच उठून गेली. विड्यांचं सूप तसंच टाकून. तिचं बी लिवलंयस की त्यात, न्हाय का?

नीलम्मा : सोनाबाईचं मला काहीसुद्धा माहीत नाही. कधी बोललेही नाही मी तिच्याशी.

जगदेवी : शप्पथ?

नीलम्मा : शपथ.

जगदेवी : मग ती का उठली?

नीलम्मा : परत आली का?

जगदेवी : आली. तोंड धुवून. सिद्धाप्पाच्या सुनेला म्हणाली, ती चेटकीण पाठ करून बसती तेवढं परत वाच.

नीलम्मा : उद्या कात्री आणून देते. तुझी वस्तू आहे. न विचारता घ्यायला नको होती.

जगदेवी : आण. ट्रंकेत ठेवू नको पर. खाली शिवणाच्या डब्यात टाक.

काशम्मा : जगू! वेणी घालतीस का चटई इणतीस? गंगावन टाक म्हणते न्हवं मगापासनं!

जगदेवी : ऱ्हाऊ दे अव्वा! मी बघते त्याचं काय करायचं ते.

(चार महिन्यांनी. तीच माडी, दुपारची.)

नीलम्मा : अव्वा अजून बोलत नाही?

जगदेवी : कशी बोलंल? अक्कलकोटच्या बायका बसल्यात, आत्याबाई माझ्या मागं सरकायला लागल्या, आन् मी स्वतःच गंगावन काढून पानाच्या तबकाशेजारी ठेवलं. घे म्हणलं, बघ. अव्वानं तोंडाला पदर लावला तो अजून काढला न्हाय. पर रोज सकाळी तेल कोमट करून जिन्यावर ठेवती. बोलत न्हाय, तेल देती.

नीलम्मा : गंगावन कुठंय?

जगदेवी : खाली खुंटीला. परवा मांजर त्याला बघून फिस्कारली. अव्वाला हसू आलं, मला बघून परत गप बसली.

नीलम्मा : अक्कलकोटकडून काही कळलं का शेवटी?

जगदेवी : काल निरोप आला की. आत्याबाई इचारत्यात, पोरीचे केस कितपत आलेत म्हणून.

नीलम्मा : एवढंच?

जगदेवी : एवढंच. टोमणा हाय का माया हाय, काय कळंना.

नीलम्मा : नुसता प्रश्न असेल.

जगदेवी : नुसता प्रश्न कोण इचारतं ह्या जगात? तू सोडून.

नीलम्मा : उत्तर द्यायचं का त्यांना?

जगदेवी : त्यांचं बघू मागनं. मला कळू दे आधी. फूटपट्टी आणलीस न्हवं? मग मोज.

नीलम्मा : समोर बसून मोजते, कानापाशी.

जगदेवी : मानेवर मोज. तिथनंच कापले हुते. बस मागं.

नीलम्मा : नक्की?

जगदेवी : बस म्हणते न्हवं.

नीलम्मा : दार लावू?

जगदेवी : ऱ्हाऊ दे उघडं. उजेड येतोय.

नीलम्मा : हात लावते हं आता.

जगदेवी : लाव.

नीलम्मा : सोडू का? मान ताठ झालीय तुझी.

जगदेवी : सोडू नको. सरळ धर, न्हायतर माप चुकंल. झालं? किती?

नीलम्मा : सात सेंटिमीटर आणि चार मिलिमीटर.