हिरव्या दिव्याची डबी

...आणि वर मला विचारतात कसे, "मॅडम, तुम्ही रात्री झोपता की नाही?" आता हा काय प्रश्न झाला का हो? चारचौघींत, समोर भिंतीएवढ्या पडद्यावर माझं नाव लालभडक, त्याच्या वरती माझ्या थोरल्या जाऊबाईंचं हिरवंगार, जाऊबाई अशा बसलेल्या की जणू वीज त्यांनीच शोधून काढली आणि त्यांनीच वाचवली, आणि हे सर माझ्या झोपेची चौकशी करतायत. तुम्हाला सांगते, मी जळत नाही हां. माझा स्वभावच नाही तो. नुसतं सांगते.

आम्ही दोघी जावा एकाच घरात, त्या माडीवर, मी खाली. दोघी एकाच कंपनीचे तान्ह्या बाळांचे कपडे शिवतो, झबली, टोपडी, पायमोजे. कापलेलं कापड गठ्ठ्यात येतं, आपण शिवायचं, इस्त्री करायची, परत द्यायचं. इतकी वर्षं कुणी विचारलं नाही की बाई, शिवताना फॅन लावतेस की घाम पुसतेस. आणि एक दिवस हे सर आले. सदा हिरवा टी-शर्ट, म्हणून आम्ही त्यांना हिरवे सरच म्हणतो. आम्हा सगळ्याजणींना कंपनीच्या हॉलमध्ये बसवून त्यांनी समजावलं, की कापूस शेतात उगवतो तिथपासून बाळाच्या अंगावर झबलं चढतं तिथपर्यंत, शेतकरी, सूतगिरणी, रंगाचा कारखाना, शिवणाऱ्या तुम्ही, ट्रकवाला, दुकानदार, प्रत्येकाने किती पाणी वापरलं, किती वीज, किती धूर सोडला, ते सगळं आता कॉम्प्युटरमध्ये जाणार. झबल्याला एक चौकोनी ठिपक्यांची चिठ्ठी, गिऱ्हाइकाने तिच्यावर मोबाइल धरला की सगळी साखळी समोर. म्हणाले, "एक कडी जरी कच्ची राहिली ना, तर अख्खी साखळी कच्ची." बरोबरच आहे हो. मला सगळं कळलं. सातवीपर्यंत शाळा झालीय माझी, अगदीच काही आंधळी नाही मी.

आणि मग त्यांनी मुद्द्याचं सांगितलं. जिची कडी सगळ्यात हिरवी, तिला कंपनीच्या शिवणकेंद्रात कायमची जागा. आणि केंद्राला लागून पाळणाघर.

पाळणाघर म्हटल्यावर माझे कान टवकारले. अहो, माझी छकुली नुकती रांगायला लागलीय. तुम्ही कधी रांगतं मूल पायाशी ठेवून शिवलंय? इकडे टीप घालायची, तिकडे बघायचं की टाचणी तोंडात घातली का, बटण गिळलं का, इस्त्रीची वायर ओढली का. माझा निम्मा जीव सुईत, निम्मा जमिनीवर. डॉक्टर म्हणतात, मूल ठणठणीत आहे, तुम्हीच औषध घ्या. ती जागा मला हवी होती हो. जाऊबाईंना काय करायचंय पाळणाघर? त्यांच्या पोरांना मिशा फुटल्यायत.

मग सरांनी घरोघर एकेक डबी दिली. भिंतीच्या प्लगमध्ये डबी, डबीत मशीनची पिन, आणि डबीवर छोटा हिरवा दिवा. वीज मोजून ती डबी परस्पर कंपनीला कळवणार. हे त्यांनी सांगितलं, नाही असं नाही. पण त्याच वेळी छकुली ठसकली, मी तिला खांद्यावर टाकून पाठ थोपटत बाहेर गेले, आणि परत आले तेव्हा कानावर पडलं ते एवढंच, "दिवा हिरवा असला की काळजी नाही."

आता मला सांगा, लहान मूल घरात आहे, बोटं प्लगकडे वळवळतायत, आणि शिकलेला माणूस सांगतोय की दिवा हिरवा असला की काळजी नाही. आई काय समजेल? मी समजले, या डबीने शॉक लागत नाही! इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. घरी गेले ती एक सात-आठ प्लगची लांब पट्टी आणली, ती डबीत खोचली, आणि मशीन-इस्त्रीसोबत छकुलीचा फॅन त्यात, बाटल्या उकळायचं भांडं त्यात, नाक चोंदलं की वाफ द्यायचं यंत्र त्यात, ती अंधाराला घाबरते म्हणून रात्रभराचा दिवा त्यात. पाण्याची मोटरसुद्धा त्यात, कारण बटण दाबताना ह्यांचे हात नेहमी ओले. ह्यांनी विचारलं, एवढ्या वायरी कशाला गं, तर मी म्हटलं, कंपनीने आपल्या जिवाची काळजी घेतलीय तर घेऊ दे की.

महिना संपला आणि तो पडदा लागला. माझी कडी लाल. लाल म्हणजे किती लाल, तर रंगाच्या कारखान्याच्या वर! तिथे मोठमोठ्या कढया खळखळतात हो रात्रंदिवस, आणि त्यांच्यापेक्षा माझ्या एका झबल्याला वीज जास्त. आणि जाऊबाईंच्या नावापुढे शून्य. नुसतं शून्य. का, तर त्या सासूबाईंच्या जुन्या पायमशीनवर शिवतात आणि कोळशाची इस्त्री फिरवतात... त्या कोळशाच्या धुराचं काय, असं मी विचारणार होते, पण डबीला धूर दिसत नाही, आणि जिला दिसतो तिचं कोण ऐकतंय? ती पायमशीनसुद्धा सासूबाई आधी मलाच देत होत्या. मीच नको म्हटलं, छकुलीची बोटं पट्ट्याखाली येतील म्हणून. मी बोटं वाचवली, त्यांनी वीज वाचवली. पडद्यावर हिरवं नाव कुणाचं? जळत नाही हां मी, नुसतं सांगते.

दुसऱ्या दिवशी हिरवे सर माझ्या घरी आले. त्यांनी ती पट्टी पाहिली, एकेक वायर बोटाने धरत शेवटापर्यंत गेले, वाफेच्या यंत्रापाशी थांबले, मोटरपाशी खालीच बसले. हसले नाहीत, तेवढा माणूस चांगला. म्हणाले, "मॅडम, म्हणजे हे सगळं आम्ही झबल्यात धरलं." मी म्हटलं, मग आता काढा की झबल्यातून. तर म्हणे नाही काढता येत, महिन्याचा आकडा पुढे गेला, दुकानापर्यंत पोचला, आता तो बदलायचा तर शेतापासून सगळी साखळी उलगडावी लागेल. म्हणजे बघा, माझ्या पोरीच्या नाकातली वाफ आता जगभर फिरतेय, कोण कुठली बाई दुकानात झबल्यावर मोबाइल धरणार आणि म्हणणार, अगंबाई, ही कोण उधळी?

जागा जाऊबाईंना मिळाली.

त्या पेढ्याबिढ्याच्या फंदात पडल्या नाहीत, सरळ जिना उतरून खाली आल्या. मी मशीनवर मान खाली घालून. तोंडावर मी त्यांना अहोजाहो करते, मनात काय करते ते विचारू नका. मला वाटलं, आल्या मिरवायला. तर त्या पलंगाच्या कडेला टेकल्या आणि म्हणाल्या, "अगं, घरातलं कुठलंही एक मूल पाळणाघरात चालतं. मी विचारून आले. उद्यापासून छकुलीला मी नेते."

भांडायला काही जागा ठेवली का बाईने? वाईट वागली असती तर चार दिवस मजेत जळत बसले असते. हे लगेच म्हणाले, वा, प्रश्नच सुटला. सासूबाई म्हणाल्या, थोरलीचं मन मोठं. मग माझं काय, मुठीएवढं? मी हसून म्हटलं, तुमचे उपकार झाले, मोठ्या ताई. दाताखाली जीभ चावली ती अजून दुखतेय.

आणि छकुली? मला वाटलं होतं रडून घर डोक्यावर घेईल. पहिल्या दिवशी जाऊबाईंच्या खांद्यावरून तिने माझ्याकडे पाहिलं, मी उंबऱ्यात डोळे पुसत उभी, आणि ती टाटा करून मोकळी झाली. संध्याकाळी परत आली तर केस वेगळेच बांधलेले, दोन शेंड्या. मी एकच बांधते. सोडायला गेले तर माझ्या हाताला चावली. पुढे पुढे तर जाऊबाई जिना चढायला लागल्या की ही मागे हात पसरून रडायची, मी घेतलं की आणखी जोरात, शेवटी रात्री झोपायलाही माडीवरच जाऊ लागली. डॉक्टरांनी सांगितलेलं औषध मी आता खरंच सुरू केलंय. जळत नाही हो मी. जळायला वेळ कुठे, नाही नाही, वेळच वेळ आहे, घर नुसतं खायला उठतं.

कामाचं म्हणाल, तर काम मात्र असं चाललं की विचारू नका. पूर्वी इस्त्री तापवली की पोर रडायची, तिला घेईपर्यंत इस्त्री थंड, पुन्हा तापवा, शिवणीचं टोक कुणीतरी खालून ओढलेलं, म्हणजे पुन्हा उसवा, पुन्हा शिवा. आता इस्त्री एकदाच तापते. डबीत फक्त मशीन आणि इस्त्री. दिवा लावायचा कुणासाठी, मी अंधाराला घाबरत नाही.

परवा त्याच हॉलमध्ये तोच पडदा. माझं नाव हिरवं. घरी शिवणाऱ्या सगळ्याजणींत पहिलं! जागा मागितली तर हिरवे सर म्हणाले, केंद्रात आता जागा नाही मॅडम, पुढे-मागे बघू, पण तुम्ही इकडे या, सगळ्यांना सांगा, एका महिन्यात एवढी वीज तुम्ही वाचवली कशी. माइक हातात दिला. एवढ्या बायका, सगळ्या माझ्याकडे बघतायत, केंद्रातल्याही काम थांबवून आलेल्या.

मी म्हटलं, "काही विशेष नाही सर. मूल जावेला दिलं."

सगळ्या हसल्या, त्यांना वाटलं मी गंमत केली. सरांनी टाळ्या वाजवायला सांगितल्या. सगळ्यात पुढे जाऊबाई, मांडीवर दोन शेंड्यांची छकुली, आणि तिचे इवलेसे हात आपल्या हातांत धरून त्या माझ्यासाठी टाळ्या वाजवत होत्या.