तहानेला रंग असतो का हो?

…आणि वर मलाच विचारतात, ‘बाबा, कोणत्या रंगाचं घातलंत?’ आता तुम्हीच सांगा, मी इंजिनाला पाणी पाजत होतो की खिडकीला पडदे निवडत होतो? तहानेला रंग असतो का हो? तीस वर्षं ट्रक चालवला, जे मिळेल ते ओतलं, नळाचं, विहिरीचं, एकदा तर कुणाच्या तरी फुलझाडांच्या झारीतलं, पण गाडीनं कधी तोंड वाकडं केलं नाही! ‘कसं नाही, बाबा? दोन रेडिएटर गंजून सडले होते तुमचे’… हा आमचा चिरंजीव. याची स्मरणशक्ती नको तिथे फार चालते!

तर तुम्हाला सांगतो, माझी ही जुनी मोटार तापून दोनदा रस्त्यात बसली, तसं चिरंजीवांनी फर्मान काढलं, ‘तिसऱ्यांदा बसली की किल्ली माझ्याकडे. या वयात चालवायची हौस कशाला?’ या वयात! अहो, किल्ली गेली की माणसाचं पार्सल होतं. ‘बाबांना कोण सोडणार?’ ‘बाबांना कोण आणणार?’ छे! जमणार नाही!

म्हणून बोनेट उघडलं. कूलंटच्या डब्यात हिरवं पाणी, तेही खालच्या रेघेच्या खाली गेलेलं. दुकानात गेलो. दुकानदार दातात पेन धरून म्हणतो कसा, ‘काका, हिरवं संपलंय, गुलाबी न्या, भारी आहे.’ म्हटलं, आण! तहानेला रंग असतो का? ओतलं गुलाबी हिरव्यात, थोडं कमी वाटलं म्हणून वर मगभर नळाचं!

पुढच्या आठवड्यात बायकोला घेऊन मेहुणीकडे निघालो, चढ लागला आणि काटा सरकत सरकत थेट लालात! उतरलो, बोनेट वर केलं, फडकं घेऊन झाकणाला हात घालणार, तोच ही किंचाळली, ‘अहो, तोंड भाजून घ्यायचंय का? गार होऊ द्या आधी!’ बसलो सव्वा तास मेकॅनिकची वाट बघत. मी आभाळाकडे बघतोय, आणि हिनं काय करावं? कप्प्यातून गाडीचं पुस्तक काढलं, चष्मा लावला आणि वाचायलाच बसली! मी चौथीतून शाळा सोडलेला माणूस, त्या पुस्तकावर आजवर फक्त चहाचा ग्लास ठेवलाय…

मेकॅनिक आला, गार झालेलं झाकण काढलं, आत बोट घातलं. ‘काका, खळ शिजवलीत की काय? दोन वेगळी कूलंट मिसळलीत, नळ्या चोंदल्या सगळ्या.’ मी म्हटलं, ‘अरे, तहानेला…’ तेवढ्यात ही, ओळीवर बोट ठेवून, ‘रंगावर जायचंच नाही, असं लिहिलंय. या गाडीला कोणतं चालतं त्याचं नाव दिलंय. निम्मं ते, निम्मं बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी.’ झालं! मेकॅनिक माझ्याकडे बघेचना. ‘काकू, आतून धुऊन काढू ना सगळं?’ काकू! अरे, गाडी कुणाची?

घरी आलो तर चिरंजीव हात पुढे करून दारातच उभा. ‘द्या किल्ली.’ मी मूठ आवळली. म्हटलं, चुकलो असेन, पण किल्ली देत नाही, काय करायचं ते कर! तेव्हा ही मधे पडली. ‘गाडी हेच चालवतील. किल्ली माझ्याजवळ राहील. मला विचारल्याशिवाय गाडी हलणार नाही.’ चिरंजीवांचा हात गेला खिशात!

जिंकलो की नाही मी? जिंकलोच! आता रोज सकाळी मी बोनेटमध्ये वाकतो आणि ही खुर्चीत बसून विचारते, ‘दोन रेघांच्या मधे आहे का?’ ‘आहे.’ ‘नीट बघा.’ ‘आहे गं बाई!’ मग किल्ली मिळते. म्हटलं, चला, कूलंट संपलं, सुटलो एकदाचा… तर काल हिनं चष्मा पुसला, पान उलटलं आणि म्हणाली, ‘हं, आता ब्रेक.’

आणि पुस्तक, तुम्हाला सांगतो… दोनशे चाळीस पानांचं आहे हो!