अक्काचा चौथा वाफा

आम्ही मूळचे लातूरकडचे. आई लवकर गेली, मला वाढवलं ते माझ्या मोठ्या बहिणीनं, अक्कानं. पुढं मी चाकणला कंपनीत लागलो, निगडीत छोटं घर घेतलं, आणि अक्काचे मालक वारल्यावर तिला इकडं आणलं. आधार दिला असं लोकांना सांगायचो, पण काय सांगू तुम्हाला, पोरं लहान, आम्ही दोघं नवराबायको कामाला, गरज आमचीच होती.

घराशेजारच्या जागेत तिनं चार वाफे केले. एकात वांगी, एकात घेवडा, एकात मेथी-पालक, आणि चौथा मोकळा, नुसतं शेण आणि पाला टाकलेला. दरवर्षी सगळं एकेक वाफा सरकायचं, विसावलेल्या मातीत वांगी जायची. मी म्हणायचो, अक्का, तुझ्याकडंपण शिफ्ट आहेत की. ती म्हणायची, व्हय, पण माझ्यात सुट्टी हाय, तुझ्यात न्हाई.

माझा जन्म गेला लाइनवर, मशीन रिकामी दिसली की जीव खालीवर व्हायचा. गाडी घेतली तेव्हा अक्का नात्यातल्या एका लग्नाला गावी गेली होती, आणि मी गाडी लावायला त्या मोकळ्या वाफ्यावर पेव्हर ब्लॉक बसवून घेतले. बायको म्हणाली, अहो, अक्कांना विचारलं का, तर मी म्हणालो, रिकामाच तर आहे.

अक्का आली, पिशवी हातात तशीच, उभी राहिली. बाळ्या, यंदा हितं वांगी यायची होती रं, एवढंच म्हणाली. मी म्हणालो, अजून तीन आहेत की. मग तिनं वांगी जुन्याच जागी लावली, ती उभ्या उभ्या सुकली. मी वर चेष्टा केली, अक्का, सगळा माल रिजेक्ट. ती हसली नाही.

तोवर पोरं मोठी झाली होती, अक्का थकली होती. दुपारी जरा आडवी व्हायची, पण माझी चाहूल लागली की धडपडून उठायची, सूप पुढं ओढून काहीतरी निवडत बसायची. एकदा म्हणालो, अगं, पड की. म्हणाली, नको बाबा, रिकामं दिसू न्हाई मानसानं.

तेव्हा मला कळलं, रिकाम्या वाफ्याचं मी काय केलं ते तिनं बघितलं होतं. कळूनही मी गप्प बसलो, हे खरं पाप. दिवाळीला ती गावी गेली आणि तिकडंच गेली. फोन आला तेव्हा मी फर्स्ट शिफ्टला होतो.

ब्लॉक मी हातानं उपटले. गाडी रस्त्यावर असते. खालची माती दगडासारखी, शेण घालतोय, पाला घालतोय. तिच्या लुगड्याच्या चिंधीत बांधलेलं वांग्याचं बी सापडलंय, पण यंदा नाही लावणार. शेजारी म्हणतात, राव, जागा फुकट घालवता. मी म्हणतो, असू द्या.

तुमच्या घरी कुणी दुपारचं पडलेलं असेल ना, तर दार जरा हळू लावत जा. बाकी काय सांगू.