क… वरून कवळी

थांबा, माझं होऊ दे! "या वयात रॅप?" हेच विचारणार ना? बायकोही तेच म्हणते, "अहो, केस गेले, आता कानही घालवा!" पण तुम्हाला सांगतो, हौस म्हणून नाही ऐकत मी. त्यातल्या एका गाण्यात माझं चरित्र आहे, चरित्र!

त्याचं काय, मी लहानपणापासून बोलताना अडखळतो. आणि माझा थोरला भाऊ, दादा… माणूस लाखात एक, पण माझं वाक्य अडकलं रे अडकलं की हा पुरं करून मोकळा! तेही चुकीचं! वडिलांनी विचारलं, "पुढे काय करणार?" मी म्हटलं, "मला क… क…" झालं! दादा म्हणाला, "कवळ्या! त्याला कवळ्या करायला शिकायचंय." दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या कवळीवाल्यांकडे रवानगी! अहो, मला म्हणायचं होतं, "कळत नाही"! एकतीस वर्षं… एकतीस वर्षं लोकांचे खोटे दात कानसत बसलोय मी!

थांबा, माझं होऊ दे! तर कानसायचं मशीन दिवसभर घूंऽऽऽ करतं, त्यात भावगीत ऐकू येणार का? म्हणून मुलीनं तिचे हेडफोन दिले. "बाबा, यात रॅप लावलंय, मशीनच्या बापालाही पुरून उरेल." आणि एक पोरगी जी कडाडली,

"मधे बोलू नको, वाक्य माझं आहे,
अडलं तर अडू दे, ओझं माझं आहे!"

हातातली कवळी पडली हो! हिला कुणी सांगितलं आमच्या घरातलं? मी लागलो तिच्या मागोमाग म्हणायला, आणि काय सांगू… ठेक्यावर एक अक्षर अडकेना! तीन महिने घोकलं.

मग दादा निवृत्त झाला. ऑफिसचा हॉल, पुष्पगुच्छ, साहेब म्हणाले, "धाकटे बंधू दोन शब्द बोलतील." दादा टुणकन उठला, "त्याला म्हणायचंय की तो आभारी…" मी म्हटलं, "दादा, थ… थांब, माझं होऊ दे!" टेबलावर ठेका धरला आणि सुटलो! कवळ्या, एकतीस वर्षं, सगळं काढलं. झापायचंच होतं हो त्याला! पण बोलता बोलता भलतंच निघायला लागलं… शाळेत मला चिडवणाऱ्या पोरांना यानंच बदडलं होतं, आणि त्यापायी दिवसभर वर्गाबाहेर उभा राहिला होता. घरी येऊन अवाक्षर नाही!

आणि शेवटी अडकलोच. "माझा द… द…" दादाचे ओठ हलायला लागले… सवय! पण त्यानं स्वतःच्याच तोंडावर हात दाबून धरला. डोळे भरलेले, पण चकार शब्द काढला नाही.

"…दादा." मी म्हटलं. मीच म्हटलं!

टाळ्यांचं सोडा, साहेबांनी चष्मा पुसला!

आता हे इथं संपावं की नाही? छे! दादा पडला रिकामा. दुसऱ्याच दिवशी फोन, "ती पोरगी आणखी काय काय म्हणते रे?" आठवड्याभरात त्यानं स्वतःच रॅप लिहायला घेतलं. विषय काय, तर गुडघेदुखी! रोज सकाळी फोनवर ऐकवतो, मी ऐकतो. करणार काय, सख्खा भाऊ! चोवीस कडवी झालीत… आणि तुम्हाला सांगतो, तो अजून डाव्या गुडघ्यावरच आहे!